भंडारा पिवळा, बाकी सगळं कृष्णधवल: एकरंगी फोटो नीट करण्याची पद्धत

सोमवती किंवा चंपाषष्ठी झाली की जेजुरीचे फोटो यायला लागतात आणि त्यातल्या कितीतरी फोटोंवर एकच प्रयोग केलेला असतो: भंडारा तेवढा पिवळा ठेवायचा आणि बाकीचा फोटो कृष्णधवल करायचा. कल्पना चोख आहे, कारण त्या दिवशी गडावर भंडाऱ्याइतकं लक्ष वेधून घेणारं दुसरं काही नसतं. पण प्रत्यक्षात जे हाती येतं त्यात गाल अर्धे राखाडी आणि अर्धे मातकट असतात, भंडाऱ्याच्या ढगाला कात्रीने कापल्यासारखी कड आलेली असते आणि पिवळा इतका भडक केलेला असतो की त्यात पूड दिसतच नाही, नुसता डाग दिसतो.

ही गडबड होण्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं असं, की बहुतेक जण कलर मिक्सर उघडतात, पिवळा सोडून बाकी सात रंगांचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उणे १०० करतात आणि काम झालं असं समजतात. हळद आणि माणसाची त्वचा रंगचक्रावर शेजारीशेजारी बसतात. लाल ० अंशावर, पिवळा ६० अंशावर धरला तर उन्हातला भंडारा साधारण ४० ते ५० च्या आसपास येतो आणि त्वचा बहुधा १० ते ३० मध्ये. सावलीतला भंडारा आणखी नारिंगीकडे, म्हणजे थेट त्वचेच्या दिशेने सरकतो. त्यामुळे फक्त रंगछटेवर विसंबून या दोघांना वेगळं करता येत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सगळं लक्ष पिवळ्यावर असतं आणि राखाडी भाग आपोआप होईल तसा सोडून दिला जातो. या प्रकारच्या फोटोत नाट्य येतं ते राखाडीतून. म्हणून खालच्या क्रमात राखाडीचं काम आधी आणि पिवळ्याचं सर्वात शेवटी आहे. हा क्रम बदलू नका.

पद्धत फोटोशॉप आणि गिम्प या फोटो संपादनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरसाठी दिली आहे. गिम्प फुकट मिळतं आणि या कामाला पूर्ण पुरतं.

## टप्पा १: योग्य फोटो निवडा

प्रत्येक फोटो या कामाचा नसतो. ढग हवेत असताना सूर्य त्याच्या मागे किंवा बाजूला असेल आणि पाठीमागे सावलीतली दगडी भिंत, कमान किंवा दीपमाळ असेल, तर तो फोटो घ्या. भंडारा अशा प्रकाशात आतून उजळतो आणि मागचं आपोआप गडद असतं. भर दुपारी, सूर्य डोक्यावर आणि मागे पांढरं आभाळ असा फोटो असेल तर सोडून द्या. पिवळा हा मुळातच फार उजळ रंग आहे. एसआरजीबी (नेहमीच्या पडद्यांची रंगपद्धत) पडद्यावर शुद्ध पांढऱ्याची प्रकाशमानता १०० धरली तर शुद्ध पिवळ्याची जवळपास ९३ येते, शुद्ध लालाची २१ आणि निळ्याची ७. लाल लुगडं राखाडी गर्दीत कुठेही उठून दिसतं, पण पिवळा पांढऱ्या आभाळावर विरून जातो आणि सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी परत येत नाही.

दुसरी अट अशी, की फोटोत दुसरं पिवळं फार नको. झेंडूच्या माळा, पिवळे फेटे, पिवळ्या साड्या, पिवळे प्लास्टिकचे कागद यांची यादी आत्ताच करा आणि प्रत्येकाबद्दल निर्णय घ्या. माझा नियम सोपा आहे: भंडारा आणि भंडाऱ्याने माखलेलं तेवढं पिवळं, बाकी सगळं राखाडी. झेंडूसुद्धा राखाडी. ढगातून उडणारे खोबऱ्याचे तुकडेही राखाडीच ठेवा, पिवळ्यात ते फार सुंदर उठतात. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. मास्क, म्हणजे कुठे रंग आणि कुठे राखाडी दिसेल हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा, रंगवताना शंभर ठिकाणी 'हे ठेवू की नको' असा प्रश्न पडतो, तेव्हा हेच वाक्य कामी येतं.

तिसरी अट फाइलची. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ फाइल, असेल तर तीच घ्या. रॉमध्ये बहुधा १२ किंवा १४ बिट माहिती असते, जेपेगमध्ये ८ बिट, म्हणजे प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा यांतल्या प्रत्येकाला) फक्त २५६ पायऱ्या. शिवाय जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. ४:२:० या नेहमीच्या प्रकारात चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना उरतो. सर्वसाधारण फोटोत हे डोळ्याला कळत नाही. पण आपण रंगाच्याच आधारावर मास्क काढणार आहोत, त्यामुळे इथे कडा चौकोनी, पायरीसारख्या दिसायला लागतात.

सावध: व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली फाइल या कामाला घेऊ नका. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर जशीच्या तशी येते.

## टप्पा २: रंग आधी खरा करा

मास्क रंगावरून निघणार, म्हणून रंग बरोबर असणं ही पहिली गरज. जेजुरीच्या फोटोत हमखास होणारी चूक कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा स्वतः रंग जुळवतो त्याची आहे. अख्खी चौकट पिवळी दिसली की कॅमेरा तिला उन्हाचा किंवा बल्बचा पिवळेपणा समजतो आणि निळ्याकडे ढकलतो. मग दगड निळसर होतो आणि भंडारा फिका, हिरवट लिंबासारखा. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास ठेवा. फोटोत एखादी तटस्थ वस्तू असेल, जसं भंडारा न लागलेला दगड, सिमेंटचा कट्टा किंवा स्टीलचा खांब, तर आयड्रॉपरने तिच्यावर टिचकी मारा. पांढऱ्या धोतरावर मात्र मारू नका. जेजुरीत त्या दिवशी पांढरं धोतर पांढरं राहिलेलं नसतं.

गिम्प रॉ फाइल स्वतः उघडत नाही. डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक आधी बसवून घ्या, दोन्ही फुकट आहेत.

आता एकत्रित हिस्टोग्राम (डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा असा उजेडाचा आलेख) बंद करून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही वेगवेगळे पाहा. उन्हातल्या भंडाऱ्यात लाल चॅनल अगदी उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि निळा जवळजवळ शून्यावर. पुडीचे कण, ढगाच्या गुंडाळ्या, मुठीतून सुटणारी धार, हा सगळा तपशील हिरव्या चॅनलमध्ये उरतो. लाल आणि हिरवा दोन्ही उजवीकडे चिकटले असतील तर त्या जागी तपशील संपलेला आहे. रॉमध्ये एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्या आणि हायलाइट्स कमी करा. एकूण फोटो अंधारा दिसेल, पण घाबरू नका. आपल्याला आसपासचा भाग गडदच हवा आहे.

सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स या टप्प्यावर शून्यावरच ठेवा.

तपासा: तटस्थ दगडावर लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे एकमेकांच्या जवळपास आहेत का? उडालेल्या भंडाऱ्याच्या सर्वात उजळ जागी हिरव्याचा आकडा २४० च्या खाली आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं की पुढे जा. यानंतर व्हाइट बॅलन्सला हात लावायचा नाही. तो बदलला तर पुढच्या टप्प्यात काढलेला मास्क फोटोशी जुळणार नाही.

## टप्पा ३: संपूर्ण फोटो कृष्णधवल करा

आता भंडारा विसरा. अख्खा फोटो, भंडाऱ्यासकट, कृष्णधवल करायचा आहे आणि तो कृष्णधवल म्हणूनच उभा राहिला पाहिजे.

सावध: मेन्यूतल्या मोडमध्ये जाऊन ग्रेस्केल निवडू नका. त्याने फाइलमधला रंगच पुसला जातो आणि मग पिवळा परत आणायला काही उरत नाही. रोज कुणीतरी हे करतं.

फोटोशॉपमध्ये: मूळ लेयरच्या (थराच्या) वर ब्लॅक अँड व्हाइट ॲडजस्टमेंट लेयर घ्या. त्यात सहा स्लायडर असतात. सुरुवातीला लाल ५०, पिवळा ९०, हिरवा ४०, आकाशी २०, निळा ०, जांभळट गुलाबी ६० असे ठेवून बघा. त्यावर एक कर्व्हज लेयर घ्या, त्यातली रेघ ओढून उजेड-अंधार बदलता येतो. दोन्ही लेयर निवडून कंट्रोल + जी दाबा, म्हणजे त्यांचा ग्रुप होईल. ग्रुपला 'राखाडी' नाव द्या. पुढे मास्क या ग्रुपला लागणार आहे, आतल्या लेयरना नाही.

गिम्पमध्ये: मूळ लेयरची प्रत करा, शिफ्ट + कंट्रोल + डी. वरच्या प्रतीला 'राखाडी' नाव द्या. ती निवडून कलर्स मेन्यूत डिसॅच्युरेट आणि त्यात मोनो मिक्सर उघडा. तिन्ही आकडे आधी ०.३३३ असतात. लाल ०.६, हिरवा ०.४, निळा ० करून बघा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३ मध्ये असे फिल्टर लेयरवर जिवंत राहतात आणि नंतर पुन्हा उघडून बदलता येतात. जुन्या २.१० मध्ये ते कायमचे होतात, म्हणून तिथे आकडे वहीत लिहून ठेवा.

या आकड्यांमागचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या फोटोला ते बदलता येतील. निळा खाली नेला की आभाळ आणि सावल्या गडद होतात, कारण मोकळ्या सावलीतला प्रकाश निळसर असतो. लाल मध्यम वर ठेवला की सावळी त्वचा उजळते आणि चेहरे मेल्यासारखे दिसत नाहीत. आणि पिवळा वरच ठेवायचा. बरेच जण इथे विचार करतात की भंडारा तर रंगीतच राहणार आहे, मग राखाडीत पिवळा स्लायडर कुठेही असला तरी काय फरक पडतो. फरक पडतो, आणि तो ढगाच्या कडेला दिसतो. हवेतला भंडारा अर्धपारदर्शक असतो. कडेला अर्धा रंग आणि अर्धा राखाडी अशी सरमिसळ होणार आहे. राखाडी रूपात भंडारा काळपट केला असेल तर ढगाभोवती मळकट काळी किनार उमटते. राखाडीतला भंडारा आणि रंगीत भंडारा यांचा उजेड सारखा असेल तर सरमिसळ कळतच नाही.

आसपासचा भाग गडद करायचं काम पिवळ्या स्लायडरने करायचं नाही. ते निळा, आकाशी आणि कर्व्हज यांनी करायचं. कर्व्हजमध्ये उजवं टोक थोडं खाली ओढा, म्हणजे धोतरं, टोप्या, आभाळ शुभ्र राहणार नाहीत. मग मधला भाग खाली घ्या. मी ज्या हिशेबाने जातो तो असा: भंडाऱ्याला लागून असलेला दगड आणि गर्दी ६० ते ११० च्या दरम्यान, चेहऱ्यांवरचा उजेड १७० च्या आसपास, आणि ढगाशेजारी २१५ च्या वर काहीही नाही. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा.

निळा फार खाली नेला तर आभाळात दाणे आणि पट्टे दिसायला लागतात, दीपमाळेच्या कडेला पांढरी रेघ येते. दिसली की निळा थोडा परत वर आणा आणि उरलेला अंधार कर्व्हजने मिळवा.

थांबा आणि पाहा: फोटो पडद्यावर लहान करा आणि दोन मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत आल्यावर हा कृष्णधवल फोटो बघवतो का? नजर कुठे जाते? ती उधळलेल्या भंडाऱ्याकडे जात नसेल तर मास्क करायला घेऊ नका, टप्पा ३ पुन्हा करा. राखाडीत जो फोटो सपाट आहे तो पिवळा टाकल्याने खोल होत नाही.

## टप्पा ४: मास्क काढा

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. रंग निवडण्याची तयार साधनं, म्हणजे फोटोशॉपचं कलर रेंज किंवा गिम्पचं सिलेक्ट बाय कलर, सपाट रंगाच्या वस्तूला चांगली आहेत. एखादी लाल छत्री असेल तर खुशाल वापरा. भंडाऱ्याला मात्र ती पुरत नाहीत, कारण ढग विरळ होत जातो आणि त्वचा त्याच्या शेजारच्याच रंगाची असते. फझीनेस किंवा थ्रेशोल्ड (किती जवळपासचे रंग निवडायचे तो आकडा) वाढवला की चेहरे आत येतात, कमी केला की ढग फाटतो.

याहून चांगला मार्ग लॅब रंगपद्धतीतून जातो. लॅबमध्ये तीन चॅनल असतात: एक फक्त उजेडाचा, एक हिरव्यापासून किरमिजीपर्यंत जाणारा 'ए', आणि एक निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारा 'बी'. हा 'बी' चॅनल म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती पिवळा आहे याचा तयार नकाशाच. तटस्थ राखाडी त्यात मधोमध, १२८ वर येतो. निळं त्याहून काळं, पिवळं त्याहून पांढरं. त्वचा थोडीशीच वर, साधारण १४५ ते १५५ मध्ये बसते, आणि घट्ट भंडारा १८५ च्याही पुढे जातो. रंगछटेत जे शेजारी होते ते इथे लांब झाले. विरळ ढग या दोन्हींच्या मधल्या राखाडी छटांमध्ये येतो, म्हणजे मास्क आपोआप मऊ निघतो.

फोटोशॉपमध्ये क्रम असा:

१. 'राखाडी' ग्रुपचा डोळा बंद करा. खालचा रंगीत फोटो दिसला पाहिजे.
२. इमेज मेन्यूतून डुप्लिकेट करा, प्रत फ्लॅटन करा आणि तिचा मोड लॅब कलर करा.
३. चॅनल्स पॅनेलमध्ये 'बी' वर टिचकी मारा. कंट्रोल + ए, मग कंट्रोल + सी.
४. मूळ फाइलमध्ये या. ग्रुपचा डोळा चालू करा आणि ग्रुपला पांढरा मास्क लावा.
५. ऑल्ट दाबून मास्कच्या चौकोनावर टिचकी मारा, पडद्यावर मास्क दिसेल. कंट्रोल + व्ही, मग कंट्रोल + डी.
६. कंट्रोल + एल दाबून लेव्हल्स उघडा. काळा बिंदू त्वचेच्या आकड्याच्या जरा वर आणा, पांढरा बिंदू घट्ट भंडाऱ्याच्या जरा खाली. १५५ आणि १९० पासून सुरुवात करा.
७. कंट्रोल + आय दाबून मास्क उलटा करा.

गिम्पमध्ये क्रम असा:

१. खालचा रंगीत लेयर निवडा.
२. कलर्स मेन्यूत कॉम्पोनंट्स, त्यात डीकंपोज. कलर मॉडेल लॅब, आणि लेयरमध्ये विभागण्याचा पर्याय चालू. नवी फाइल तीन लेयरसह उघडेल.
३. 'बी' चा लेयर निवडून त्याच्यावर लेव्हल्स लावा, वरच्याच हिशेबाने. मग कलर्समधून इन्व्हर्ट करा.
४. कंट्रोल + ए, कंट्रोल + सी.
५. मूळ फाइलमध्ये 'राखाडी' लेयरला पांढरा मास्क लावा, मास्क निवडलेला असताना कंट्रोल + व्ही, आणि तरंगणारा लेयर कंट्रोल + एच ने बसवा.

शेवटी उलटं का करायचं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मास्क 'राखाडी' वर लागला आहे. मास्क जिथे पांढरा तिथे राखाडी दिसतो, जिथे काळा तिथे खालचा रंग डोकावतो. म्हणून भंडाऱ्याच्या जागी मास्क काळा हवा. उलटं करायला विसरलात तर भंडारा राखाडी आणि सगळी गर्दी रंगीत दिसेल, घाबरायचं काही कारण नाही, एकदा इन्व्हर्ट करा.

१५५ आणि १९० हे आकडे जशेच्या तसे घेऊ नका. आयड्रॉपर घेऊन तुमच्याच फोटोतल्या 'बी' चॅनलवर तीन-चार चेहऱ्यांच्या आणि भंडाऱ्याच्या तीन-चार जागा मोजा. लेन्सवर पूड बसली असेल तर सगळ्या फोटोवर पिवळट झाक असते आणि सगळेच आकडे वर सरकतात.

जेपेगवरून काम करत असाल तर मास्कला १ ते २ पिक्सेलचा गॉशन ब्लर द्या. रॉ असेल तर बहुधा गरज नाही. ५ किंवा १० पिक्सेल देऊन 'मऊ' करण्याचा मोह टाळा, त्याने खांद्यांभोवती पिवळं वलय येतं.

तपासा: ऑल्ट दाबून मास्कवर टिचकी मारा. ढगाचा गाभा काळा, कडा राखाडी, चेहरे पांढरे असं दिसायला हवं. सगळं फक्त काळं आणि पांढरं, मध्ये छटाच नाहीत असं दिसलं तर लेव्हल्सचे दोन बिंदू फार जवळ आलेत. त्यांच्यात अंतर वाढवा.

## टप्पा ५: हाताने साफ करा

आता ब्रश. मऊ कडेचा, फ्लो १० ते १५ टक्के, काळा आणि पांढरा रंग. डी दाबला की रंग मूळ काळ्या-पांढऱ्यावर येतात, एक्स दाबला की अदलाबदल. दर वेळी मास्कवरच आहोत ना हे आधी बघा. फोटोवर पांढरा ब्रश फिरवून बसणं ही इथली नेहमीची चूक.

आधी सोपं काम: पहिल्या टप्प्यातली यादी काढा आणि झेंडू, फेटे, पाट्या पांढऱ्याने झाका. इथे फ्लो १०० टक्के चालेल. सोन्याचे दागिने आणि पितळी घंटा, समया हमखास आत शिरलेल्या असतात, त्याही झाका.

मग कठीण काम. माखलेल्या चेहऱ्यावर भंडारा तीन प्रकारे असतो. कपाळावरचा लेप घट्ट असतो, तो पूर्ण रंगीत. गालांवर पातळ थर असतो, ज्यातून त्वचा दिसते. तिथे मास्क ४० ते ६० टक्के राखाडी ठेवा, म्हणजे पिवळी झाक राहील आणि त्वचेचा स्वतःचा तांबूसपणा जाईल. आणि हनुवटीखाली, पापण्यांखाली भंडारा नसतोच, शेजारच्या पिवळ्याचं प्रतिबिंब पडलेलं असतं. हे प्रतिबिंब पूर्ण राखाडी करा. चेहरा विद्रूप दिसतो तो बहुतेक वेळा या प्रतिबिंबामुळेच. डोळे आणि दात नेहमी राखाडी.

सावलीतला भंडारा तपकिरी होऊन मास्कमधून सुटलेला असेल. पायऱ्यांच्या सांध्यांत, कपड्यांच्या घड्यांत तो सापडेल. सगळाच परत आणायची गरज नाही. मुख्य ढगाशी जोडलेला आणा, कोपऱ्यातला राहू द्या. नजर भटकवणारे सुटे पिवळे ठिपके मात्र पुसा.

सावध: ढगाच्या कडेला ब्रश शक्यतो लावूच नका. लॅबने दिलेली कड हाताने कधीच तितकी नैसर्गिक येत नाही.

## टप्पा ६: आता पिवळा

एवढं झाल्यावर पिवळ्याला फारसं काही करावं लागत नाही, असं तुमच्या लक्षात येईल. ह्यू सॅच्युरेशनचा लेयर सर्वात वर घ्या आणि त्याला तोच मास्क, उलटा करून लावा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून मास्क ओढला की त्याची प्रत होते, मग कंट्रोल + आय. गिम्पमध्ये फिल्टर थेट खालच्या रंगीत लेयरवर लावा, वरचा राखाडी बाकीचं झाकतोच.

उन्हातला भंडारा लिंबाकडे आणि सावलीतला नारिंगीकडे झुकत असेल तर ह्यू ३ ते ५ अंशांनी हलवून दोन्ही जवळ आणा. सॅच्युरेशन १० च्या वर नेऊ नका. ढगातले कण दिसेनासे व्हायला लागले की तिथून मागे या. भंडारा कमी उठतोय असं वाटलं तर सॅच्युरेशनकडे न जाता राखाडी ग्रुपमधला कर्व्ह आणखी थोडा खाली ओढा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

## टप्पा ७: दोन्ही भाग एकजीव करा

रंगीत आणि राखाडी भागातले दाणे वेगवेगळे दिसतात, म्हणून रंग वरून चिकटवल्यासारखा वाटतो. सगळ्यात वर नवा लेयर घ्या, ५० टक्के राखाडीने भरा, मोड ओव्हरले करा आणि त्यात एकरंगी नॉइज घाला. फोटोशॉपच्या ॲड नॉइजमध्ये २ ते ४ टक्के, गॉशन आणि मोनोक्रोमॅटिक. गिम्पमध्ये आरजीबी नॉइज, स्वतंत्र चॅनलचा पर्याय बंद करून. दाणे जाणवले नाहीत तरी चालतील.

## टप्पा ८: साठवा आणि बाहेर काढा

लेयर असलेली फाइल पीएसडी (फोटोशॉप) किंवा एक्ससीएफमध्ये (गिम्प) वेगळी ठेवा. पडद्यासाठी काढताना एसआरजीबी प्रोफाइल निवडा, नाहीतर काही फोनवर पिवळा मळकट दिसतो. जेपेगची गुणवत्ता फोटोशॉपमध्ये १० किंवा वर, गिम्पमध्ये ९० च्या वर ठेवा. गिम्पच्या निर्यात खिडकीत सबसॅम्पलिंगचा पर्याय असतो, तो ४:४:४ करा, नाहीतर ज्या चौकोनी कडा टाळायला एवढी मेहनत घेतली त्या शेवटच्या पायरीवर परत येतात.

बाहेर काढलेली फाइल बंद करून पुन्हा उघडा आणि १०० टक्क्यांवर तीन जागा बघा: ढगाची विरळ कड, सर्वात जास्त माखलेला चेहरा आणि आभाळ. मग फोनवर, उजेड अर्ध्यावर ठेवून बघा.

## फोनवरच करायचं असेल तर

स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट लावा, मग व्ह्यू एडिट्समध्ये त्या पायरीचा ब्रश उघडून राखाडी कुठे हवा ते बोटाने रंगवा. लॅबसारखी मऊ कड मिळणार नाही, म्हणून उडणाऱ्या ढगाचा फोटो इथे घेऊ नका. भंडाऱ्याने भरलेली ओंजळ, माखलेलं कपाळ, ताटातला भंडारा, असे स्पष्ट कडेचे फोटो घ्या. लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत कलर मिक्सर वापरणार असाल तर पिवळ्याबरोबर नारिंगीही थोडा राहू द्या आणि मग मास्कने चेहऱ्यांवरचं सॅच्युरेशन वेगळं उतरवा. नारिंगी थेट उणे १०० वर नेला की सावलीतला भंडारा जातो आणि ढगात भोकं पडतात.

एक गोष्ट फोटो पाठवताना. असा फोटो वर्तमानपत्राला किंवा वृत्तछायाचित्र स्पर्धेला देऊ नका, तिथे रंगात केलेला असा बदल चालत नाही. इतरत्र टाकताना वर्णनात 'रंग निवडून ठेवला आहे' एवढं लिहा. आणि ज्याचा चेहरा जवळून दिसतो त्याला शक्य असेल तर मूळ रंगीत फोटोही पाठवा.